‘पण’चं इंग्रजी करताना तेच तेच का चुकतं?

पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीत पंपांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी बाहेर जाणारं इंग्रजी तपासते. ई-मेल, चाचणीचे अहवाल, मालासोबत जाणारी माहितीपत्रकं, कधीमधी साहेबांचं भाषण. स्पेलिंग आता संगणकच सुधारतो, काळाच्या चुकाही बऱ्याचशा पकडतो. पण एक दुखणं असं आहे की समजावून सांगितलं की आठ दिवस बरं असतं आणि नवव्या दिवशी पुन्हा हजर. विरोध दाखवणारे शब्द: बट, हाउएव्हर, ऑल्दो, डिस्पाइट, स्टिल, यट, व्हेअरॅझ, ऑन द कॉन्ट्ररी. शब्दकोश उघडावा तर सगळ्यांच्या पुढे फिरून फिरून ‘पण, परंतु, तरीही’ एवढंच. मग माणूस म्हणतो, सगळे सारखेच, हाताला लागेल तो घ्या. लागोपाठ दोनदा ‘बट’ बरा दिसत नाही म्हणून तिसऱ्या जागी ‘ऑन द कॉन्ट्ररी’ ठेवतो, आणि वाक्य भलतंच बोलायला लागतं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. डिस्पॅचमधल्या एका मुलानं परदेशी ग्राहकाला परस्पर ई-मेल टाकला. मनातलं मराठी वाक्य चोख होतं: ‘माल पोहोचायला उशीर झाला तरी आम्ही जादा पैसे घेणार नाही.’ इंग्रजीत त्यानं लिहिलं, ‘ईव्हन दो द शिपमेंट इज डिलेड, वी विल नॉट चार्ज एक्स्ट्रा.’ तासाभरात तिकडून फोन. किती दिवस उशीर? माल अडकलाय कुठे? आम्हाला आधी का कळवलं नाही? माल तर वेळेवर निघालेला, कुठेही अडकलेला नव्हता. पुढचे दोन दिवस खुलासे करण्यात गेले.

गंमत म्हणजे त्या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती. संगणकानं त्याखाली लाल रेघ ओढली नाही, आणि मी जरी वरवर वाचलं असतं तरी कदाचित पुढे सोडलं असतं. म्हणून सुरुवात याच शब्दापासून.

घडलंय, की घडू शकतं?

‘ईव्हन दो’ म्हटलं की पहिल्या भागातली गोष्ट घडलेली आहे आणि लिहिणाऱ्याला ती मान्य आहे. ‘ईव्हन इफ’ म्हटलं की घडेल किंवा नाही घडणार, त्यावर आपण काही बोलत नाही. मराठीत ही दोन्ही कामं एकटा ‘तरी’ करतो. ‘पाऊस पडला तरी मी गेले’ आणि ‘पाऊस पडला तरी मी जाईन.’ पहिला अर्धा भाग अक्षरन् अक्षर सारखा. एकात पाऊस पडून गेलाय, दुसऱ्यात आभाळात ढगही नसेल. हा फरक आपल्याला शेवटच्या ‘गेले’ आणि ‘जाईन’वरून कळतो, तोही इतका सहज की आपण काही ओळखलं हेच लक्षात येत नाही. त्यातून ‘पडला’ हे रूप दिसायला भूतकाळाचं. इंग्रजी करणारा पहिला भाग आधी उरकतो, ‘तरी म्हणजे ईव्हन दो’ हे शाळेत घोकलेलं असतं, आणि वाक्याच्या शेवटापर्यंत पोहोचायच्या आत घोळ होऊन बसतो.

यावर मी त्या मुलाला एक युक्ती सांगितली. मराठी वाक्याच्या आधी ‘समजा’ लावून बघायचं. ‘समजा माल उशिरा पोहोचला, तरी जादा पैसे घेणार नाही.’ वाक्य छान उभं राहतं, म्हणजे ‘ईव्हन इफ’. आता हे बघा: ‘समजा काल लाईट गेली, तरी आम्ही चाचणी पूर्ण केली.’ कानाला लगेच खटकतं, कारण लाईट खरोखरच गेली होती, त्यात समजण्यासारखं काही नाही. तिथे ‘ईव्हन दो’.

दुसरा भाग भविष्यकाळात आहे म्हणजे ‘ईव्हन इफ’च, असा नियम मात्र करू नका. माल खरंच बंदरात अडकलाय आणि तुम्ही ग्राहकाला धीर देताय, तर ‘ईव्हन दो’ बरोबर आहे. अशा वेळी मराठीत आपण बहुतेक ‘उशीर झाला असला तरी’ म्हणतो. तो मधला ‘असला’ उशिराची कबुली देतो.

आणखी एक छोटी गोष्ट. नुसतं ‘ईव्हन’ लिहून पुढे अख्खं वाक्य जोडायची सवय बऱ्याच जणांना असते, ‘ईव्हन द मोटर वॉज न्यू, इट फेल्ड’ असं. नुसता ‘ईव्हन’ म्हणजे ‘सुद्धा’. तो एखाद्या शब्दाला चिकटतो, दोन वाक्यं जोडायची ताकद त्याच्यात नाही. ‘दो’ किंवा ‘इफ’ सोबत हवाच.

‘ऑल्दो’नंतर ‘बट’ येतो तरी कुठून?

‘ऑल्दो द बेअरिंग वॉज न्यू, बट इट फेल्ड.’ हे वाक्य मी आठवड्यातून किमान एकदा खोडते. चूक आहे हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक असतं. दाखवलं की जीभ चावतो, आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. हा निष्काळजीपणा नाही, त्याची मुळं मराठीच्या ठेवणीतच आहेत.

मराठीला जोड्या आवडतात. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसं-तसं, जो-तो, जरी-तरी. एक पाय टाकला की दुसरा टाकावाच लागतो. पण जोडीतला कोणता शब्द गाळता येतो ते बघा. ‘बेअरिंग नवं होतं तरी गेलं’ हे अस्सल मराठी. यात ‘जरी’ नाही आणि त्याची आठवणही होत नाही. उलट ‘जरी बेअरिंग नवं होतं, गेलं’ म्हणून बघा, वाक्याचा एक पाय तुटल्यासारखं वाटतं. म्हणजे आपल्याकडे भार ‘तरी’वर आहे. इंग्रजीनं नेमका ‘जरी’ ठेवला आणि ‘तरी’ची जागा रिकामी सोडली. आपला हात त्या रिकाम्या जागेपाशी अडखळतो आणि तिथे काहीतरी ठेवल्याशिवाय पुढे सरकत नाही. जे सर्वात जवळ सापडतं ते ‘बट’.

म्हणून ‘दोन शब्द एकत्र वापरू नका’ एवढं सांगून भागत नाही. मी असं सांगते: ‘ऑल्दो’ लिहिलात तर जिथे मनातल्या मनात ‘तरी’ म्हणाल तिथे स्वल्पविराम द्या. तो स्वल्पविराम म्हणजेच तुमचा ‘तरी’. जागा रिकामी वाटत नाही आणि हात गप्प बसतो. अगदीच राहवलं नाही तर ‘स्टिल’ चालतो, पण क्रियापदाशेजारी: ‘ऑल्दो द बेअरिंग वॉज न्यू, इट स्टिल फेल्ड.’ इथला ‘स्टिल’ जोडणारा शब्द नाही, नुसता जोर देतो.

वयानं मोठी माणसं इथे हटकून सांगतात की आम्हाला शाळेत ‘दो’नंतर ‘यट’ शिकवलं होतं, तेही चूक का? चूक नव्हे, जुनं आहे. १६११ सालच्या इंग्रजी बायबलमध्ये ही जोडी सापडते आणि आपल्याकडच्या शालेय व्याकरणांत ती कितीतरी काळ टिकून राहिली. आजच्या पत्रव्यवहारात ती धोतर-कोट घालून मीटिंगला आल्यासारखी दिसते. हरकत कुणी घेणार नाही, पण सगळे वळून बघतील.

डिस्पाइट ऑफ

ही चूक नियम सांगून लगेच सुटते. ‘इन स्पाइट ऑफ’मध्ये ‘ऑफ’ आहे, ‘डिस्पाइट’मध्ये नाही, आणि अर्थ दोन्हींचा एकच. ‘डिस्पाइट ऑफ’ लिहिणाऱ्याला फार बोल लावू नये, कारण इंग्रजीत एकेकाळी ‘इन डिस्पाइट ऑफ’ असा पूर्ण प्रयोग होता. झिजून झिजून आज नुसता मधला शब्द उरलाय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खाली बघणं, तुच्छ लेखणं. पावसाला तुच्छ लेखून मी गेले, असा काहीसा तो भाव.

खरी अडचण पुढची आहे. ‘डिस्पाइट’नंतर पूर्ण वाक्य येत नाही. नाम येतं, नाहीतर ‘-इंग’ लागलेलं क्रियापद. मराठीत त्याचं मापही तयार आहे: ‘असूनही’, ‘करूनही’, ‘सांगूनही’. ‘पाऊस असूनही’ म्हणजे ‘डिस्पाइट द रेन’. ‘तीनदा सांगूनही’ म्हणजे ‘डिस्पाइट टेलिंग हिम थ्री टाइम्स’. पण मनात ‘पाऊस होता तरी’ असं क्रियापदासकट वाक्य आलं की ‘ऑल्दो’कडे वळायचं. कोणता शब्द जास्त ‘भारी’ हा प्रश्नच नाही. मनातलं मराठी ‘-ऊनही’नं संपतंय की ‘तरी’नं, तेवढं ऐकायचं.

‘डिस्पाइट द फॅक्ट दॅट’ लावून पूर्ण वाक्य जोडता येतं, पण चार शब्दांची ती वरात एकट्या ‘ऑल्दो’नं परतवता येते.

वजन कुठल्या अर्ध्यावर?

आता ज्या फरकाला व्याकरणाच्या पुस्तकांत फारशी जागा मिळत नाही पण ज्यानं खरं नुकसान होतं, तो बघू.

‘स्थळ चांगलं आहे, पण गाव लांब आहे.’ आत्यानं असं म्हटलं की समजायचं, पत्रिका परत जाणार. ‘गाव लांब आहे, पण स्थळ चांगलं आहे.’ आता पुढच्या रविवारी पोहे होणार. माहिती दोन्हीकडे तीच, कमी नाही जास्त नाही. ‘पण’च्या पुढे जे येतं त्याच्या बाजूनं निकाल लागतो, हे आपल्या घरात लहान पोराला सुद्धा कळतं. ‘बट’चंही अगदी तसंच. तरी अहवालात लोक हे विसरतात. मागे एका अहवालात ‘कास्टिंग दाबाच्या चाचणीत टिकलं, पण एका कडेला बारीक छिद्रं आहेत’ असं इंग्रजीत गेलं. छिद्रं मान्य मर्यादेच्या आत होती, माल घेण्याजोगा होता. ग्राहकानं मात्र ‘बट’च्या पुढचं वाचलं आणि माल थांबवून ठेवला. दोन अर्ध्यांची नुसती अदलाबदल केली असती तर प्रश्नच आला नसता.

‘ऑल्दो’चं गणित वेगळं. ‘बट’मध्ये निकाल जागेवरून लागतो, ‘ऑल्दो’मध्ये शब्दावरून. ज्या अर्ध्याला ‘ऑल्दो’ चिकटला तो हलका झाला, मग तो आधी येवो की नंतर. ‘ऑल्दो देअर आर स्मॉल पोअर्स, द कास्टिंग पास्ड’ म्हटलं की छिद्रांना आधीच बाजूला बसवलं. म्हणून कमी महत्त्वाची कुरबुर सांगून टाकायची, पण तिनं डोक्यावर बसू नये असं वाटत असेल तर ‘ऑल्दो’ हा सज्जन शब्द आहे. दुखणं ठणकावून सांगायचंय तर ‘बट’ घ्या आणि ते शेवटी ठेवा.

‘ऑल्दो’ वाक्याच्या शेवटी स्वल्पविरामानंतर आला की त्याचा सूर आणखी बदलतो. ‘मशीन इज रेडी, ऑल्दो वन टेस्ट इज पेंडिंग.’ आधी छातीठोक सांगितलं, मग हळूच एक पाऊल मागे घेतलं. ‘मशीन तयार आहे, म्हणजे एक चाचणी राहिलीय म्हणा’ असं आपण म्हणतो ना, तसं. बोलताना ठीक, पण तारखेचं वचन देताना असं शेपूट जोडू नये. समोरचा ते शेपूटच धरून बसतो.

बोलण्यातला ‘दो’ वाक्याच्या अगदी टोकाला येतो तेव्हा बरेच जण गोंधळतात. मराठीत तो रोज ऐकू येतो खरं तर: ‘चहा मस्त झालाय. गोड जास्त आहे पण.’ तो शेवटचा, पडत्या आवाजातला ‘पण’ म्हणजेच ‘इट्स टू स्वीट, दो’. व्हॉट्सॲपवर खुशाल लिहा, करारनाम्यात नको.

‘हाउएव्हर’ला जोडकाम येत नाही

‘द पंप वॉज टेस्टेड, हाउएव्हर इट लीक्ड.’ अर्थ कळतो, पण वाक्य तुटकं आहे. ‘बट’ हा सांधा आहे, दोन वाक्यं एकमेकांत अडकवतो. ‘हाउएव्हर’ पाहुणा आहे, वाक्यात येऊन बसतो, जोडत काही नाही. इंग्रजीत स्वल्पविरामानंतर दोन पूर्ण वाक्यं सरळ जोडणारे असे शब्द सातच: अँड, बट, ऑर, नॉर, फॉर, सो आणि यट. ‘हाउएव्हर’ या सातांत नाही. ‘स्टिल’ नाही, ‘नेव्हरदलेस’ही नाही. त्यांच्या आधी पूर्णविराम द्या, नाहीतर अर्धविराम. आणि ‘हाउएव्हर’नंतर स्वल्पविराम.

तो नंतरचा स्वल्पविराम शोभेचा नाही. ‘हाउएव्हर’चा मूळ अर्थ ‘कसंही, कितीही’, आणि तो अजून जिवंत आहे. ‘हाउएव्हर द व्हॉल्व्ह इज फिटेड, इट लीक्स’ म्हणजे व्हॉल्व्ह कसाही बसवा, गळतोच. ‘हाउएव्हर, द व्हॉल्व्ह इज फिटेड’ म्हणजे व्हॉल्व्ह मात्र बसवलेला आहे. एका स्वल्पविरामाच्या फरकानं पहिल्यात तक्रार, दुसऱ्यात आश्वासन.

‘हाउएव्हर’ची खरी मजा त्याच्या जागेत आहे, आणि ती मराठी माणसाला शिकवावी लागू नये. आपला ‘मात्र’ आठवा. ‘सगळे आले, सुरेश मात्र आला नाही.’ ‘मात्र’ ज्याच्या मागे बसतो त्याच्याकडे बोट दाखवतो. ‘सुरेश, हाउएव्हर, डिड नॉट कम’ हे नेमकं तसंच. वाक्याच्या सुरुवातीला ठेवला तर तो साऱ्या मागच्या मजकुराला वळण देतो, कर्त्यानंतर ठेवला तर त्या एकट्या कर्त्याला वेगळा काढतो. ‘मात्र’ला कुठे बसवलं असतं ते बघा, ‘हाउएव्हर’ तिथेच बसवा. इतकं चांगलं जुळणारं माप क्वचितच मिळतं.

‘बटनं वाक्य सुरू करू नये’ म्हणून काही जण प्रत्येक परिच्छेदाच्या डोक्यावर ‘हाउएव्हर’ चढवतात. असा नियम नाही. १७७६च्या अमेरिकी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सुद्धा ‘बट’नं सुरू होणारं वाक्य आहे. ई-मेलमध्ये ‘बट’ आटोपशीर, हलका आणि बहुतेक वेळा पुरेसा. ‘नेव्हरदलेस’ आणि ‘नन्दलेस’ म्हणजे आपला ‘तथापि’. घरात फेटा बांधून बसायची हौस असेल तर वापरा.

उलट आणि याउलट

एका वार्षिक मूल्यमापनात वाचलेलं वाक्य, नावं बदलून देते: ‘रमेश इज गुड ॲट मशीनिंग. ऑन द कॉन्ट्ररी, सुरेश इज गुड ॲट पेपरवर्क.’ लिहिणाऱ्याला दोघांचंही कौतुक करायचं होतं. इंग्रजी वाचणाऱ्याला मात्र पहिल्या वाक्यापाशी थबकायला होतं. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ म्हणजे ‘छे, तसं नाहीच, खरं तर उलटं आहे.’ मग रमेशला मशीनिंग येत नाही, असं म्हणायचंय की काय?

‘ऑन द कॉन्ट्ररी’च्या आधी जवळजवळ नेहमीच एखादा नकार किंवा कुणाचा तरी चुकीचा समज असतो. ‘काम रखडलेलं नाही. उलट दोन दिवस आधी संपलं.’ इथे तो शंभर टक्के बसतो. दोन वेगळ्या माणसांचे, यंत्रांचे, गावांचे वेगळे गुण शेजारी मांडायचे असतील तर ‘इन कॉन्ट्रास्ट’ किंवा ‘बाय कॉन्ट्रास्ट’. मराठीत हा फरक आहे, पण एका अक्षराइतका बारीक आहे. ‘उलट’ आधीचं खोडून काढतो. ‘याउलट’ आधीचं तसंच ठेवून शेजारी दुसरं मांडतो. ‘कोकणात पाऊस धो धो पडतो. याउलट माणदेशात थेंबाची वाट बघावी लागते.’ इथे ‘याउलट’मधला ‘या’ काढला तर वाक्य लंगडतं. तर मनात ‘उलट’ आला की ‘ऑन द कॉन्ट्ररी’, ‘याउलट’ आला की ‘इन कॉन्ट्रास्ट’.

‘ऑन द अदर हँड’ तिसराच प्राणी. तो तराजूचा आहे. एकाच गोष्टीच्या दोन बाजू, एकच निर्णय, ‘एकीकडे’ आणि ‘दुसरीकडे’. ‘एकीकडे स्टेनलेस स्टील महाग पडतं, दुसरीकडे ते गंजत नाही.’ रमेश आणि सुरेश यांच्यापैकी एकालाच बढती द्यायची असेल तर तो चालेल. दोघांची नुसती ओळख करून देताना नको.

याच घरातलं आणखी एक: ‘पंप खराब नसून व्हॉल्व्ह खराब आहे.’ आपल्या ‘नसून’ला इंग्रजीत ‘नॉट’ आणि ‘बट’ची जोडी लागते: ‘नॉट द पंप बट द व्हॉल्व्ह’. तिथे ‘हाउएव्हर’ घालून दोन वाक्यं केली की दोष कुणाचा यावरचं बोट ढळतं. आणि ‘ऐवजी’ला ‘इन्स्टेड ऑफ’, त्यात फारसं काही चुकत नाही.

‘व्हाइल’ आणि ‘व्हेअरॅझ’

‘थोरला डॉक्टर आहे, तर धाकटा शेती करतो.’ बातम्यांमध्ये दिवसाला शंभर वेळा दिसणारा हा ‘तर’ म्हणजे ‘देन’ नव्हे. नवखे भाषांतरकार इथे नेमके ‘देन’ लिहितात. हा ‘तर’ ‘व्हाइल’ किंवा ‘व्हेअरॅझ’ आहे. कुणाची अपेक्षा मोडलेली नाही, भांडण नाही, दोन गोष्टी फक्त शेजारी ठेवल्यात.

दोघांत निवड करायची तर मशीनच्या सूचनांमध्ये माझा कडक नियम आहे: ‘व्हाइल’ फक्त वेळेसाठी. ‘व्हाइल’चा पहिला अर्थ ‘असताना’, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात तोच आधी येतो. ‘व्हाइल द मेन मोटर रन्स, द कूलिंग फॅन स्टॉप्स’ म्हणजे काय? मोटर चालू असताना पंखा थांबतो, की मोटर चालूच राहते आणि पंखा तेवढा थांबतो? माणूस यंत्रात हात घालणार असतो तेव्हा असा संशय ठेवू नये. तिथे ‘व्हेअरॅझ’ लिहा, नाहीतर सरळ दोन वाक्यं करा.

‘व्हेअरॅझ’चीही एक खोड आहे, ती कागदपत्रं करणाऱ्यांना भेटते. करारनाम्याच्या किंवा अधिसूचनेच्या सुरुवातीला येणारा ‘व्हेअरॅझ’ विरोध दाखवतच नाही. राजपत्रात त्याचं मराठी ‘ज्याअर्थी’ असतं आणि खाली ‘त्याअर्थी’ येऊन निर्णय सांगतो. त्याला ‘तर दुसरीकडे’ असं मराठी केलेला एक मसुदा मी पाहिलाय. वाचून दोन्ही पक्ष करारावर सही करायच्या आधीच भांडताहेत असं वाटत होतं.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तिथली विरोधाची भाषा बघण्यासारखी आहे. ‘नॉटविथस्टँडिंग’ हा शब्द आपण ई-मेलमध्ये ऐटीसाठी घालतो, कायद्यात त्याला काम असतं. संविधानाच्या अनुच्छेद ३७०ची सुरुवातच २०१९पर्यंत ‘नॉटविथस्टँडिंग एनिथिंग इन धिस कॉन्स्टिट्यूशन’ अशी होती. मराठी कायद्यांत ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ असं जे येतं, ते हेच. म्हणजे इतरत्र काहीही लिहिलेलं असो, चालेल ते माझं. आणि कायद्याच्या मराठीत ‘परंतु’ हे ‘बट’चं भाषांतर नसतं, तर अट घालणाऱ्या ‘प्रोव्हायडेड दॅट’चं असतं. त्यावरून त्या कलमालाच ‘परंतुक’ म्हणतात. इतका देखणा शब्द कचेरीत धूळ खात पडलाय याचं मला नेहमी वाईट वाटतं.

अजून आणि अजूनही

‘स्टिल’ आणि ‘यट’ दोघेही आधी वेळेचे शब्द, विरोधाचं काम त्यांनी नंतर अंगावर घेतलं. वेळेच्या अर्थानं त्यांच्यातला फरक मराठी एका ‘ही’मध्ये दाखवते. ‘ड्रॉइंग अजून आलेलं नाही’: ‘द ड्रॉइंग हॅज नॉट कम यट.’ साधी माहिती. ‘ड्रॉइंग अजूनही आलेलं नाही’: ‘द ड्रॉइंग स्टिल हॅज नॉट कम.’ आता आवाज चढला, वाट बघून कंटाळा आलाय. ग्राहकाला आठवण करताना यातला कोणता पाठवायचा ते आधी ठरवा. नवीन माणसं सौम्य समजून दुसरा पाठवतात आणि उत्तर तुटक आलं की त्यांना कारण कळत नाही.

विरोधाच्या अर्थानं ‘यट’ ‘बट’सारखा जोडू शकतो, पण त्यात थोडं आश्चर्य असतं. ‘स्मॉल बट स्ट्राँग’ म्हणजे लहान पण मजबूत. ‘स्मॉल यट स्ट्राँग’ म्हणजे लहान असूनही मजबूत, बघा तरी. जाहिरात करणाऱ्यांना ‘यट’ इतका का आवडतो ते यावरून कळेल. वाक्याच्या सुरुवातीचा ‘स्टिल’ हा आपला ‘तरीपण’: सगळं ऐकून घेतलं, मान्यही केलं, तरीपण.

‘बट’चं जुनं घर

फार मागे ‘बट’चा अर्थ ‘बाहेर, खेरीज’ असा होता, आणि काही ठरावीक प्रयोगांत तो अजून तसाच राहतो. ‘नथिंग बट रस्ट’ म्हणजे गंजाखेरीज काही नाही. ‘एनिथिंग बट सेफ’ म्हणजे बाकी काहीही म्हणा, सुरक्षित म्हणू नका. आणि ‘ऑल बट फिनिश्ड’ म्हणजे जवळजवळ संपलेलं. हा शेवटचा वाचून आमच्या एका सुपरवायझरनं ‘सगळं झालं, पण संपलं नाही’ असा अर्थ लावला होता. आता विचार केला तर तेवढा वाईट अर्थ नव्हता तो.

पाठवण्याआधी

मी अहवालात सरळ शोध लावते. ‘ऑल्दो’ शोधायचा आणि त्याच वाक्यात पुढे ‘बट’ दिसतो का बघायचं. ‘डिस्पाइट ऑफ’ शोधायचं. ‘हाउएव्हर’ शोधून त्याच्या दोन्ही बाजूंची विरामचिन्हं बघायची. ‘ऑन द कॉन्ट्ररी’ सापडला की मागे नकार आहे का ते तपासायचं, नसेल तर सरळ उडवायचा. हे सगळं दहा मिनिटांत होतं. ‘ईव्हन दो’ आणि ‘ईव्हन इफ’ एवढेच असे आहेत की शोधून काही उपयोग नाही, कारण दोन्ही जागी दोन्ही बसतात. तिथे खरं काय घडलंय ते लिहिणाऱ्यालाच विचारावं लागतं.

परवा तोच डिस्पॅचचा मुलगा टेबलापाशी आला. “मॅडम, समजा उद्या मी आलो नाही, तरी गाडी वेळेवर निघेल. सगळं लावून ठेवलंय.”

“अरे, हे ईव्हन इफ आहे की ईव्हन दो?”

तो जरासा हसला. “ईव्हन दो, मॅडम. बहिणीचा साखरपुडा आहे.”